एक बोकड आणि पंधरा दिवसांचं उभं राहणं

नौबादच्या एका रिटायर सरांनी मला फसवलं. चाळीस दिवसांची विद्या पंधरा दिवसांत गुंडाळली आणि बोकड मात्र अख्खा नेला, तोही माझ्या कळपातला सगळ्यात देखणा. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण सर चौकातल्या हॉटेलात बसून हीच गोष्ट उलटी सांगतात आणि लोक पोट धरून हसतात. हसणाऱ्यांत माझे दोन मेहुणेही असतात.

माझा धंदा शेळ्या-बोकडांचा. वडील मेंढरं राखायचे. कडगंचीला आता जिथं विद्यापीठाच्या इमारती दिसतात, त्या बाजूच्या माळांवर मी त्यांच्यामागं हिंडलो. त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या, एक बाभळीची काठी आणि जनावर पारखायची नजर. बाकी सगळं मी केलं. आज बीदरला माझं घर आहे, माझा टेम्पो दर आठवड्याला हैदराबादला जातो, आणि बाजारात माझ्याशी सौदा करायचा म्हटलं की लोक आधी पाणी पिऊन घेतात. राग माझ्या नाकावर असतो, हे खरं आहे. पण रागानं माझं कधी नुकसान झालं नव्हतं. सर भेटेपर्यंत.

सौद्यासाठी मी एक खास उभं राहणं तयार केलं होतं. पाठीला पोक, मान खाली, एक पाय ढिला, अंगाचा सगळा भार काठीवर, आणि डोळे तेवढे तिरपे वर. ताठ उभ्या माणसाला भाव जास्त सांगतात, हे मी विसाव्या वर्षीच शिकलो. वाकलेल्याची दया येते आणि दया आलेला माणूस थोडं सोडतो. अडचण एवढीच झाली की तीस-पस्तीस वर्षं असं उभं राहिल्यावर पाठीला तेच खरं वाटायला लागलं. बाजार उठला तरी पोक उठेना.

मुलीच्या साखरपुड्यात ते मला नडलं. व्याही, आमच्या बोलीत इवाई, मूळचे भालकीकडचे, हैदराबादेत इमारती बांधून मोठे झालेले. फोटोसाठी सगळे उभे राहिलो तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ भर मांडवात ओरडला, "इवाई, खाली काय हुडकायलाव? काय पडलं का तुमचं?"

मांडव हसला. मीही हसलो. माझी मुलगी मात्र हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघत राहिली. ते मला लागलं.

जेवणानंतर व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाले, "दीड महिन्यानं सगळ्यांना घेऊन हैदराबादला या. आमच्या घरात एक रीत पडलीय. नव्या इवायानं गोल्फच्या मैदानावर सगळ्यांसमोर एक बॉल मारायचा. नारळ फोडल्यावानी समजा."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. गोल्फ मला चॅनेल बदलताना जेवढा दिसतो तेवढाच ठाऊक होता.

भावानं पुन्हा तोंड घातलं. "मागच्या इवायाचा बॉल जाग्यावरच राहिला आन् ते सवता पडले. व्हिडिओ हाय माझ्याकडं. दर दिवाळीला लावतो."

माझा व्हिडिओ त्याच्या दिवाळीला लागू द्यायचा नाही आणि मुलीला पुन्हा तोंड फिरवायला लावायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं.

चौकशी करता करता सरांचं नाव निघालं. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, बौद्ध घरातले, तोंडानं कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलणारे. त्यांचे वडील खाणीत दगड फोडायचे. सर स्वतः तरुणपणी सिकंदराबादच्या एका मैदानावर साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहायचे. साहेब फेकून द्यायचे त्या चार जुन्या काठ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, आणि घरामागच्या तांबड्या माळावर रोज सकाळी ते एकटेच बॉल मारायचे. शेजाऱ्यांनी त्यांना वेडा म्हणून कधीच सोडून दिलं होतं.

आम्ही चौकातल्या हॉटेलात भेटलो. सर म्हणाले, "चाळीस दिवस लागतील. आन् पैसे नको. एक बोकड. माझ्या पसंतीचा."

बोकडावर मी अर्धा तास लढलो. आधी एक करडू देऊ केलं. मग एक लंगडी शेळी. मग दोन लंगड्या शेळ्या. सर चहा पीत राहिले. "बोकड एक, पसंती माझी," एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी मी चिडून म्हणालो, "घ्या, न्या बोकड!" आणि तो विषय मिटला. पण माझं डोकं तापलेलंच राहिलं, आणि तापलेलं डोकं घेऊन मी दिवसांकडं वळलो.

शेजारच्या दोन टेबलांवरचे कान आमच्याकडं लागले होते. या वयात हा माणूस काठीनं चेंडू मारायला शिकणार, ही बातमी बाजारात गेली असती तर मला जनावर विकत घेणं मुश्किल झालं असतं. म्हणून मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. जनावरांच्या बाजारात हीच पद्धत आहे. टॉवेलखाली समोरच्याची बोटं धरायची. चार बोटं धरली की चार, अख्खा पंजा धरला की पाच. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि हात सुटला की बोली पक्की. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही.

सरांनी माझी चार बोटं धरली आणि म्हणाले, "दहाचे."

म्हणजे चाळीस. आता माझ्या हाताला आयुष्यभर एकच काम ठाऊक आहे. समोरचा जे बोलेल ते खाली आणायचं. मी त्यांची दोनच बोटं धरली. वीस. सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली आणि तीन बोटं दाबली. मी गुरगुरलो आणि एक बोट धरलं. दहा. सर कळवळले. "अण्णा, मारता का आता मला?" असं म्हणत त्यांनी एक बोट धरलं, दहाचं, मग सुट्या पाचांसाठी पंजा धरला. पंधरा. मी आणखी खाली ओढायला बघत होतो, पण त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला दया आली. मी हात सोडला.

"तुमच्याम्होरं कुनाचं चालतंय व्हय," सर म्हणाले आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

घरी बायको तूर निवडत होती. मी चप्पल काढायच्या आधी सांगितलं, "चाळिसाचे पंधरा केले!"

"आन् बोकड?"

"बोकड एकच. त्यो आधीच ठरला हुता."

तिनं सूप खाली ठेवलं. "अवो, शिकायचं कुनाला हाय? तुम्हाला का त्यास्नी?"

"मला."

"मंग चाळीस दिवस शिकवतो म्हनलेल्या माणसाला पंधराच दिवस शिकव म्हनून भांडून आलाव व्हय?"

मी तुरीत खडे फार आहेत असं काहीतरी म्हणालो आणि मागच्या दारानं बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं मोडायला गेलो. "हात सुटला का न्हाई?" त्यांनी विचारलं. सुटला होता. याच एका वाक्यावर मी स्वतः निम्म्या तालुक्याला गप्प केलेलं आहे. चपला काढून माळावर उभा राहिलो.

"उभारा बगू," सर म्हणाले. मी बाजारात उभा राहतो तसा राहिलो. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मी जनावराभोवती मारतो तशीच.

"अण्णा, ह्यो बोकड तुम्ही घेतलाव असता का?"

"कोनता बोकड?"

"ह्यो. उभारलेला."

माझ्या कानशिलाला चटका बसला. पण धंद्यात मी स्वतःशी खोटं बोलत नाही. आम्ही जनावर घेताना आधी दात बघत नाही, आधी त्याचं उभं राहणं बघतो. चारी खूर जमिनीत रोवलेले पाहिजेत, पाठ फळीसारखी, भार सगळीकडं सारखा. जे जनावर एक पाय वाचवून उभं राहतं, त्याच्यात कुठंतरी खोट असते. हे सगळं मी सरांना रागारागात समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. किती लक्ष देऊन, ते मला पंधराव्या दिवशी कळलं.

मग त्यांनी माझीच काठी, वडिलांची बाभळीची काठी, माझ्या पाठीवर उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मध्ये, आणि खाली माकडहाड. तीन ठिकाणी काठी टेकली पाहिजे. "आता वाका. पन पाठ वाकवू नका. हितनं." त्यांनी मांडी आणि पोट जिथं मिळतात तिथं दोन बोटं खुपसली. "दाराची बिजागरी हाय असं समजा. दार वाकतंय का? दार नुसतं फिरतंय."

मी फिरलो. काठी डोक्यापासून सुटली. पुन्हा फिरलो. काठी खालून सुटली. पहिले तीन दिवस माझी आणि काठीची भेट कधीच तिन्ही ठिकाणी एका वेळी झाली नाही. ज्या काठीवर मी जन्मभर रेललो, तीच आता पाठीमागून माझी परीक्षा घेत होती.

चौथ्या दिवशी गुडघे. फार वाकवले तर शौचाला बसल्यासारखं दिसतं, ताठ ठेवले तर माणसाचा पुढं तोल जातो. "बस थांबायच्या आत आपुन सैल होतो न्हाई का, तेवढंच," सर म्हणाले. भार टाचेवर नको, बोटांवर नको, बुटाची नाडी बांधतो तिथं. माझ्याकडं नुसत्या चपला होत्या, म्हणून बूट घ्यावे लागले. हात खांद्यातून नुसते लोंबू द्यायचे, ओलं धोतर दांडीवर लोंबतं तसे. ते जिथं आपोआप येतील तिथं काठी धरायची, आणि काठी जिथं टेकेल तिथं बॉल. बॉलकडं हात लांबवायचे नाहीत. "गरज त्याला हाय, तुम्हाला न्हाई," असं त्यांनी सांगितल्यावर मला ते लगेच पटलं.

काठीची पकड मात्र मला पहिल्या झटक्यात जमली. सर म्हणाले, "शेळीची धार काढताना आचळ धरता तसं. सुटू बी नये आन् तिनं लाथ बी मारू नये." त्या दिवशी त्यांनी माझं कौतुक केलं. पंधरा दिवसांत तेवढं एकदाच.

खरा त्रास खांद्यांनी दिला. सरांनी जमिनीवर दोन तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, ठेवल्या, रुळांसारख्या. एक बॉल जायच्या दिशेनं, एक माझ्या पायांसमोर. पाय, गुडघे, कंबर, खांदे, सगळं तुराटीला समांतर पाहिजे. माझं सगळं समांतर यायचं आणि डावा खांदा मागं सटकायचा. कारण सौदा करताना मी समोरच्यापासून जरा तिरपा उभा राहतो, निघालोच आहे असं त्याला वाटावं म्हणून.

"बॉलसंगट सौदा करायचा न्हाई अण्णा," सर ओरडले. "त्यो भाव सांगत न्हाई. सरळ उभारा!"

"सर, बॉल हाय कुठं? आठ दिस झाले, म्या बॉल बगितला न्हाई."

"उभारनं झाल्यावर."

"आन् मारनं?"

"चाळीस दिवसांत मारनं हुतं. पंधरात उभारनंच बसतंय."

मी त्या दिवशी त्यांना बरंच काही बोललो. त्यातलं इथं लिहिण्यासारखं काही नाही. सर शांतपणे तुराट्या सरळ करत राहिले.

त्याच आठवड्यात हुमनाबादच्या बाजारात माझी फजिती झाली. पाठीला नवी सवय लागत होती. एका म्हाताऱ्याच्या शेळीसमोर मी नकळत ताठ उभा राहिलो, तर त्यानं मला "साहेब" म्हटलं आणि भाव वाढवून सांगितला. एका जुन्या व्यापाऱ्यानं लांबून विचारलं, "काय रं, पाठीत पट्टी बसवून घेतलास व्हय?" मग दुपारी गर्दी कमी झाल्यावर मी टेम्पोच्या आडोशाला कंबरेत मुडपून, गुडघे सैल सोडून जरा सराव करत होतो. तेवढ्यात तोच व्यापारी वळसा घालून आला.

"कामून असा अर्धा बसून उभारलास? पोट बिघडलंय व्हय? तिकडं झाडाआड जागा हाय की."

बाराव्या दिवशी बॉल दिसला. काठी फक्त या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत हलवायची, त्याहून वर नाही. पंधराव्या दिवशी त्या छोट्या हलवण्यानं बॉल चाळीस पावलं गेला, तुराटीच्या रेषेत, सरळ. मला चव लागली. मी काठी डोक्यामागं नेली आणि सगळा राग एकवटून फटका मारला. बॉल उजवीकडं वळला, उडाला, आणि माळावरच्या जुन्या सुरंगबावीच्या, जमिनीखालून पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या विहिरीच्या, उघड्या तोंडात गेला. बऱ्याच वेळानं खालून डुबुक आवाज आला.

"बॉल बी गेला," सर म्हणाले, "आन् दिवस बी संपले."

संध्याकाळी ते माझ्या कळपात शिरले. दात बघितले नाहीत. वजन बघितलं नाही. एकेका बोकडाभोवती दोन दोन फेऱ्या मारल्या आणि ज्याचे चारी खूर रोवलेले होते, पाठ फळीसारखी होती, नेमका तो काळा बोकड दोरीला धरून घेऊन गेले. तो मी कुणालाच विकणार नव्हतो.

हैदराबादला आम्ही सगळे गेलो. एवढं हिरवं गवत बघून मला आधी तिथं किती शेळ्या चरतील ते दिसलं. व्याह्यांच्या भावानं मोबाइल उचलून धरला. मुलगी तिच्या होणाऱ्या सासूजवळ उभी होती, ओठ दाबून.

मी काठी घेतली. पाय रोवले. पाठीमागं बाभळीची काठी नव्हती, पण तिन्ही जागा मला जाणवत होत्या, डोकं, पाठ, माकडहाड. बिजागरी फिरली. गुडघे सैल. हात लोंबले. खांदा मागं सटकायला निघाला, मी त्याला मनातल्या मनात शिवी देऊन जागेवर आणला.

व्याही हळूच जवळ आले. "इवाई, किती वर्षं झाली खेळायलाव?"

"वर्षं मोजत न्हाई," मी म्हणालो.

मला फक्त गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतच येत होतं. मी तेवढंच केलं. बॉल चाळीसेक पावलं गेला, जमिनीलगत, दोरीनं ओढल्यासारखा सरळ, आणि गवताच्या मधोमध थांबला. कुणी पडलं नाही.

"एवढासाच?" भाऊ म्हणाला. "अजून एक मारा की, जोरात."

"रीत एका बॉलची ठरली हुती. म्या बोलीच्या वर दाणा टाकत न्हाई."

सगळे हसले, पण या वेळी ते हसणं भावाकडं गेलं. व्याह्यांनी स्वतः मारलेला बॉल लांब जाऊन झाडीत हरवला होता, त्यामुळे त्यांना माझं सरळ जाणं फार आवडलं. मग फोटो झाला. मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही एवढे उंच हाव?"

इथंच सगळं संपलं असतं तर मी सरांना माफ केलं असतं. कदाचित एक पिशवी तूरडाळही पाठवली असती. पण निघताना व्याही म्हणाले, "पुढच्या महिन्यात आम्ही बीदरला येतो. तुमच्यावानी उभारायला मला शिकवा. भावाला बी आणतो. आन् तिथं तुमचा मोठा फटका बगू."

भाऊ मोबाइल खिशात ठेवत म्हणाला, "चार्जिंग करून आनतो."

"या की," माझ्या तोंडून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी नौबादला. काळा बोकड सरांच्या दारात बांधलेला होता. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्याचं उभं राहणं दाखवत होते.

"सर, माझे पंचवीस दिस द्या."

"कोनते?"

"चाळिसातले राहिलेले."

"ते तर तुम्हीच सोडलाव. भांडून भांडून सोडलाव. नव्यानं पायजेत तर नवा बोकड. बसा, बोलू." आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. या वेळी टॉवेल त्यांचा होता.

मी हात आत घातला. दिवस वाढवायचे आहेत, कमी करायचे नाहीत, हे मी रस्ताभर घोकत आलो होतो. सरांनी माझी दोन बोटं धरली, मग पंजा धरला. दोन आणि पाच, म्हणजे पंचवीस. बरोबर तेवढेच मला पाहिजे होते. मी फक्त होय म्हणायचं होतं. पण माझा अंगठा आपणहून हलला आणि सरांचं एकच बोट शोधायला लागला. मी हात झटकन ओढून घेतला आणि गाडीला किक मारली. मागून बोकड ओरडला की सर हसले, मला सांगता येणार नाही.

बोली पक्की झालेली नाही, एवढं मी इथं नोंदवून ठेवतो. व्याही यायला तीन आठवडे राहिलेत. मला येतं ते उभं राहणं, मोठा फटका येत नाही, आणि तो ज्याला येतो तो माणूस टॉवेल अंथरून बसला आहे.

सर वाचतात, हे मला ठाऊक आहे. हेही वाचतील. म्हणून सगळ्यांसमोर विचारतो. समोरचं गिऱ्हाईक स्वतःच्याच विरुद्ध भाव पाडतंय, हे तुम्हाला मी तुमची दोन बोटं धरली तेव्हाच कळलं होतं की नाही? कळलं होतं, तर तुम्ही, जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस, कपाळाला आठ्या घालून कळवळलात कशासाठी? हॉटेलात उलटी गोष्ट सांगू नका. चौकात या, माझ्यासमोर सरळ उभे राहा, खांदा तिरपा न करता, आणि टॉवेलाबाहेर हात ठेवून सांगा, माझे पंचवीस दिवस कुठं आहेत?